अक्कांच्या घरातली पाच मतं

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरात होती आणि त्याच गर्दीत महापालिकेची निवडणूक आली. १५ जानेवारी २०२६ ला मतदान. त्याच्या चार दिवस आधी आमच्या पूर्व भागातल्या गल्लीत एका पक्षाची दोन पोरं आली. पत्रकं नाहीत, झेंडा नाही, हातात नुसता मोबाइल. शेजारच्या अक्का दारात सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. पोरानं आडनाव विचारलं, स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "अक्का, तुमच्या घरात पाच मतं हायत बघा. थोरला पुण्याला असतो ना? येणार हाय का मतदानाला? आणि हे सासूबाईंचं नाव अजून हाय. त्या गेल्या ना दोन वर्षांखाली?"

सासूबाई गेल्याचं त्या पोराला कळलं होतं, सरकारी यादीला अजून कळायचं होतं.

संध्याकाळी अक्का आमच्याकडे आल्या. "त्यास्नी सगळंच माहितंय की ओ. मंग मत कुणाला टाकलं ते बी कळत असंल."

मला हसू आलं नाही. हाच प्रश्न मला शिकल्यासवरल्या माणसांनीही विचारला आहे, फक्त जरा जड शब्दांत. मशीन, यादी, डेटा, व्हॉट्सअॅप असं सगळं एका पिशवीत कोंबलं की भीती एकच होऊन बसते. म्हणून ती पिशवी जरा उपसून बघू.

यादीत असतं काय?

मतदार यादी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली तयार होते. तिचे तुकडे पाडलेले असतात. एका मतदान केंद्रापुरत्या तुकड्याला ‘यादी भाग’ म्हणतात, बोलताना आपण सरळ ‘बूथ’ म्हणतो. पूर्वी एका बूथवर दीड हजारापर्यंत मतदार असत, २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने ही मर्यादा १२०० वर आणली. प्रत्येक नावासोबत अनुक्रमांक, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक छापतात. मोबाइल नंबर, जात, धर्म, आधार यातलं काहीही त्यात नसतं.

ही यादी गुप्त नसते. मान्यताप्राप्त पक्षांना तिच्या दोन प्रती फुकट मिळतात, एक छापील आणि एक संगणकीय. संगणकीय प्रतीत फोटो नसतात. आपल्यालाही आयोगाच्या संकेतस्थळावरून आपल्या बूथची यादी उतरवून घेता येते. मात्र ती चित्राच्या रूपात असते, त्यामुळे नाव टाइप करून शोधता येत नाही. शोधता येईल अशी यादी द्या, असं काँग्रेसचे कमलनाथ आणि सचिन पायलट यांनी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मागितलं होतं. लोकांचा खासगीपणा जपण्यासाठीच आम्ही ती चित्ररूपात देतो, असं आयोग म्हणाला आणि मागणी फेटाळली गेली. हे कुलूप मला नेहमी गमतीचं वाटतं. ते अडतं फक्त तुम्हा-आम्हाला. पक्षांकडे चित्रावरून तक्ता करून देणारी सॉफ्टवेअरं असतात, आणि नसली तरी वीस पोरं बसवून आठवडाभरात टायपिंग उरकता येतं.

महापालिकेची यादी वेगळी असते का, हाही दरवेळचा घोळ. वेगळी नसते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो आणि तिचे प्रभागवार तुकडे करतो. सोलापुरात २६ प्रभाग आणि १०२ नगरसेवक. तुकडे पाडताना गल्लीची एक बाजू इकडे आणि दुसरी तिकडे गेली की ‘माझं नाव पळवलं’ अशी बोंब उठते. यंदा तर काही नावांपुढे दोन तारे छापले होते. त्याचा अर्थ संभाव्य दुबार, म्हणजे एकाच माणसाचं नाव दोनदा आलं असावं असा संशय. आपल्या शहरात तेलुगू, कन्नड, उर्दू नावं मराठीत उतरवताना एकच माणूस तीन तऱ्हांनी लिहिला जातो, आणि एकाच नावाची खरीखुरी चार माणसं एका पेठेत सापडतात. इथे दुबार शोधणं म्हणजे गड्ड्यावर चप्पल शोधण्यातला प्रकार.

मग पुण्याचा थोरला त्यांना कसा कळला?

मागावर चादर विणताना आधी ताणा लावतात, म्हणजे उभे धागे. मतदार यादी हा ताणा, आणि तो सगळ्या पक्षांकडे सारखाच असतो. नक्षी भरते ती बाण्यातून, आडव्या धाग्यातून. तो ज्याचा त्याचा.

बाण्याचा पहिला धागा म्हणजे गल्लीतलाच कार्यकर्ता. त्याला संगणक लागत नाही. कोण कुठे नोकरीला, कुणाच्या घरात लग्न, कोण आजारी, हे त्याला पाठ असतं. पूर्वी हे त्याच्या डोक्यात किंवा खिशातल्या वहीत राहायचं, आता तो ते अॅपमध्ये भरतो. यादीच्या एकेका पानाची जबाबदारी एकेकावर देण्याची पद्धत भाजपने रुजवली. त्याला ते पन्नाप्रमुख म्हणतात. नाव काहीही असो, आज सगळेच पक्ष थोड्याफार फरकाने हेच करतात. अॅपमध्ये प्रत्येक घरापुढे खूण पडते: आपलं, समोरचं, काठावरचं.

दुसरा धागा मोबाइल नंबरांचा. आरोग्य शिबिरात वहीत लिहिलेला नंबर, हळदीकुंकवाला वाण घेताना दिलेला नंबर, सदस्य होण्यासाठी दिलेला मिस्ड कॉल, सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. शिवाय नंबरांच्या याद्या विकणारे असतातच. आपण नंबर देतो एका कामासाठी आणि तो राबतो भलत्याच कामासाठी.

तिसरा धागा सगळ्यात नाजूक, तो लाभार्थ्यांचा. योजना सरकारची, पण फॉर्म भरून द्यायला टेबल टाकून बसलेला माणूस पक्षाचा, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २०२४ च्या लोकसभेच्या धामधुमीत, २ मे रोजी, आयोगाने पक्षांना बजावलं की सर्वेक्षणाच्या नावाखाली निवडणुकीनंतरच्या योजनांसाठी मतदारांची नोंदणी करू नका. आयोगाच्या मते हा लाचखोरीच्या जवळ जाणारा प्रकार होता. त्याआधी २१ मार्चला आयोगाने केंद्र सरकारला ‘विकसित भारत’चे व्हॉट्सअॅप संदेश थांबवायला सांगितलं होतं. आचारसंहिता लागल्यानंतरही ते लोकांच्या फोनवर पोचत होते. संदेश आधीच सुटले होते, काही उशिरा पोचले, असं उत्तर आलं. सरकारजवळचा नंबर आणि पक्षाजवळचा नंबर यांच्यात भिंत असायला हवी. ती किती जाड आहे, हे बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि माझ्या मते अविश्वासाचं मूळ मशीनपेक्षा इथे जास्त आहे.

यापुढचा धागा अंदाजाचा. आडनावावरून जात, धर्म, भाषा ठरवायची आणि घरावर शिक्का मारायचा. आपल्या जिल्ह्यात हे गणित सपशेल आपटतं. पाटील मराठा असतो, लिंगायत असतो, धनगर असतो, मुसलमानही असतो. देशमुख, इनामदार यांचंही तेच. अॅपवाल्या पोराने आमच्या एका इनामदार मित्राला उर्दूतला संदेश पाठवला. ते संध्याकाळी विष्णुसहस्रनाम म्हणणारे गृहस्थ.

मत कुणाला दिलं ते कळतं का?

एकेकट्याचं मत कळत नाही. का कळत नाही ते सांगण्याआधी कळतं काय ते सांगतो, कारण भीतीला थोडा आधार आहे.

काही वर्षांपूर्वी एका विधानसभेला मी बूथवर पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवाराचा माणूस म्हणून बसलो होतो. सकाळी खरं मतदान सुरू व्हायच्या आधी एजंटांसमोर अभिरूप मतदान होतं, निदान ५० मतं टाकून मशीन बरोबर मोजते का ते बघतात आणि मग ती मतं पुसतात. त्यानंतर दिवसभर एकच लय. पहिला अधिकारी नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो, आम्ही तिघे-चौघे एजंट आपापल्या यादीत त्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारतो. दुसरा अधिकारी नोंदवहीत सही घेतो, बोटाला शाई लावतो. तिसरा कंट्रोल युनिटचं बटण दाबतो, मतदार पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातो, लांब बीप वाजते. पुढचं नाव. एखाद्याची ओळख पटत नसेल तर हरकत घेता येते, त्याची फी आजही दोन रुपये आहे. दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या यादीत कुठे रेघ नाही ते स्पष्ट दिसत होतं. बाहेर पक्षाच्या टेबलावर बसलेल्यांना त्याच माहितीची भूक असते, मग ‘आपली’ राहिलेली घरं गाठायला रिक्षा सुटतात.

म्हणजे तुम्ही मत दिलं की नाही हे पक्षाला कळतं. पडद्यामागे काय झालं ते कळत नाही. सहीच्या वहीत उमेदवाराचं नाव नसतं आणि मशीनच्या आकड्यात मतदाराचं. व्हीव्हीपॅटची (मत कुणाला पडलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची) चिठ्ठी काचेत सात सेकंद दिसते आणि पेटीत बाकीच्या चिठ्ठ्यांत मिसळते. (महापालिकेला व्हीव्हीपॅट नव्हतंच, त्यावरूनही बरीच कुजबूज झाली.) १९५१ च्या कायद्याच्या कलम ९४ नुसार तुम्ही मत कुणाला दिलं हे कोर्टसुद्धा विचारू शकत नाही. मतदानाच्या कामावर असलेल्याने गुप्तता फोडली तर कलम १२८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद आहे.

आता भीतीला आधार कुठला ते. मोजणी बूथनिहाय होते आणि ते आकडे जाहीर होतात. लग्नात आहेराची पाकिटं नाव न घालता पेटीत टाकली असं समजा. हजार माणसांच्या लग्नात रिकामं पाकीट कुणाचं ते कळणार नाही. पण दहा घरांच्या भावकीत एकच रिकामं निघालं तर? कुणी बोलणार नाही, पण सगळे एकाच घराकडे बघतील. लहान वस्तीच्या बूथचं असंच आहे. माणूस सापडत नाही, वस्ती सापडते. मग ‘तुमच्या बूथनं आम्हाला पाडलं’ म्हणून रस्ता अडकवला जातो.

याला उपाय आहे. चौदा मशीनचे आकडे एकत्र करून एकच बेरीज दाखवणारं टोटलायझर नावाचं यंत्र. आयोगाने ते २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात शिफारस केली, सरकारने नको म्हटलं. बूथचा आकडा पक्षांना फार गोड लागतो, हे माझं त्यावरचं मत.

‘आम्हाला मशीनमध्ये दिसतं’ असा दम देणाऱ्याचं दुकान मात्र आपण ते खरं मानण्यावरच चालतं.

मारकडवाडीने काय विचारलं होतं?

बूथच्या आकड्याची दुसरी बाजू आपल्याच जिल्ह्याने पाहिली. माळशिरस तालुक्यातली मारकडवाडी. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत मतदारसंघात राष्ट्रवादी (शरद पवार) पक्षाचे उत्तम जानकर १३ हजारांहून जास्त मतांनी जिंकले, पण या गावात त्यांना ८४३ आणि भाजपचे राम सातपुते यांना १००३ मतं निघाली. गाव तर जानकरांचं, मग हे कसं, असं गावकरी म्हणाले आणि ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान थांबलं, गुन्हे दाखल झाले. मग राज्यभरातले पुढारी आले.

या गावाला हसणारे बरेच होते. मला तसं करवत नाही. जिंकलेल्या बाजूने मोजणीवर शंका घेणं ही रोजची गोष्ट नव्हे. पण गावाची पद्धत मला पटली नाही, आणि तिचं कारण वरच्या पाकिटांमध्येच आहे. भर गावात पुन्हा मतदान ठेवलं तर जो येणार नाही तो कोण, हे उघड. जो येईल त्याच्यावर मागच्या वेळचं मत बदलायचा दबाव. ‘गाव आमचं’ हे वाक्य जितक्या जोरात म्हणाल तितकं वेगळं मत दिलेल्या माणसाचं तोंड बंद होतं. शंका तपासायची रीतसर वाट आहे. प्रत्येक बूथवर किती मतं पडली याचा १७-क नमुना एजंटांना सहीने मिळतो, तो मोजणीशी ताडता येतो. निकालानंतर ४५ दिवसांत उमेदवार किंवा त्या मतदारसंघातला कुठलाही मतदार उच्च न्यायालयात जाऊ शकतो. ही वाट खर्चिक आणि संथ आहे, हेही खरं. लोकांचा विश्वास उडतो तो बहुधा इथे. दार आहे, पण उघडायला वकील लागतो.

आळंदचे सहा हजार अर्ज

अक्कलकोटच्या पलीकडे हद्द ओलांडली की कलबुर्गी जिल्ह्यातला आळंद तालुका लागतो. तिथल्या प्रकरणात मतमोजणीचा संबंध नाही, यादीचा आहे.

नाव काढण्यासाठी ७ नंबरचा फॉर्म असतो. मेलेल्या, गाव सोडून गेलेल्या किंवा दुबार माणसाबद्दल मतदारसंघातला दुसरा मतदार तो भरू शकतो. २०२३ च्या कर्नाटक निवडणुकीआधी आळंदमध्ये असे ६०१८ अर्ज ऑनलाइन आले. एका बीएलओ बाईंच्या (बीएलओ म्हणजे बूथपातळीवर यादी सांभाळणारा कर्मचारी, बहुतेक वेळा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका) समोर त्यांच्याच नातेवाइकाचं नाव काढण्याचा अर्ज आला आणि बिंग फुटलं. आयोगानेच सांगितलं की पडताळणीत फक्त २४ अर्ज खरे निघाले. बाकीचे ५९९४ फेटाळले, गुन्हा नोंदवला. अर्जदार म्हणून ज्यांची नावं होती त्यांना पत्ताच नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये राहुल गांधींनी हे प्रकरण देशासमोर मांडलं. त्याच महिन्यात आयोगाने ऑनलाइन फॉर्मसाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवरून पडताळणी सुरू केली.

नावं यादीत शाबूत राहिली, पण असा अर्ज भरायला लागतं काय ते बघा. मतदाराचं नाव, बूथ, अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक. हे सगळं यादीत छापलेलंच आहे.

मग यादी बंदच करून टाका ना

हे ऐकून पहिला विचार हाच येतो. तो चुकीचा आहे असं मी ठामपणे म्हणेन.

मतदार यादी ही सोसायटीच्या सूचनाफलकावर लावलेल्या थकबाकीच्या यादीसारखी आहे. लाज वाटते, पण फलकावर असल्यामुळेच चूक पकडली जाते. २०२५ मध्ये बिहारात यादीची मोठी फेरतपासणी झाली. मसुद्यातून सुमारे ६५ लाख नावं गेली. कुणाची आणि का, हे कारणांसकट जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला दिला. त्यानंतर कुठे लोकांना आपलं नाव कोणत्या खान्यात टाकलंय ते कळलं. आपल्या महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला सुमारे ९ कोटी ३० लाख मतदार होते, सहा महिन्यांत विधानसभेला सुमारे ९ कोटी ७० लाख झाले. विरोधकांनी त्यावर रान उठवलं. आयोगाचं उत्तर असं की वाढ नेहमीच्या नोंदणीतून झाली, याद्या पक्षांना दिल्या होत्या आणि तेव्हा अपिलं नगण्य आली. आयोगाने शंकांना आणखी मोकळेपणाने उत्तरं द्यायला हवी होती, असं मला वाटतं. पण शेवटचा मुद्दा पक्षांना झोंबायला हवा. यादी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती वाचली आपली मतं मोजायला. तपासायला फार कमी जणांनी वाचली.

तेव्हा ताणा उघडाच राहू दे. हात घालायचा तो बाण्याला.

त्याला कायदा नाही का?

अर्धामुर्धा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे दीड वर्षाची मुदत आहे. दंड २५० कोटींपर्यंत. कायद्यानुसार जाहीर करावीच लागणारी माहिती त्यातून वगळली आहे, म्हणजे मतदार यादी त्याच्या बाहेर. पण अक्कांच्या नावापुढे चिकटवलेला मोबाइल नंबर, थोरल्याचं पुणं आणि ‘काठावरचं’ ही खूण यादीत नव्हती. तिथे संमती विचारायला हवी. पक्षांना त्यात सरसकट सूट दिलेली नाही. पण तक्रार करायची तर आधी कळायला हवं की माझ्याबद्दल काय लिहून ठेवलंय, आणि ते पक्षाचं कार्यालय कुणाला दाखवणार?

पण यात वाईट काय? मतदाराची माहिती ठेवणं हे राजकारणच की

एका कार्यकर्त्याने मला असंच सुनावलं, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. म्हातारीला बूथपर्यंत रिक्षा मिळाली तर ती त्या माहितीमुळेच. तेलुगू घरी तेलुगूत बोलणं, कन्नड घरी कन्नडमध्ये, ही सोलापूरची जुनी रीत आहे.

बिघडतं ते प्रत्येक घराला वेगळं आश्वासन मिळायला लागतं तेव्हा. होम मैदानावरच्या सभेत पुढारी जे बोलायचा ते सगळ्या पेठा ऐकायच्या, पत्रकार लिहून घ्यायचे, खोटं पकडलं जायचं. फोनवरचा संदेश शेजाऱ्याला दिसत नाही. २०१८ मध्ये केंब्रिज अॅनालिटिका या कंपनीचं प्रकरण गाजलं, त्यात फेसबुकवरच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती त्यांना न विचारता राजकीय कामाला गेली होती. आपल्याकडे इतकं लांब जायची गरज नाही. ‘समोरचं’ अशी खूण पडलेल्या घरी कुणी फिरकतच नाही. त्यांची गटार तुंबली तरी उमेदवार पुढच्या गल्लीत. अक्कांच्या समोरच्या रांगेत यंदा एकही पक्ष गेला नाही, तिथली घरं कुणाची हे सगळ्यांना आधीच ‘माहीत’ होतं.

निकाल लागल्यावर एका रविवारी अक्का सासूबाईंचा मृत्यूचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आल्या. मी ७ नंबरचा फॉर्म काढला. त्यात अनुक्रमांक भरायचा होता म्हणून यादी उघडली, तर सासूबाईंचं वय अजून वाढवून छापलेलं. अक्कांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग तंबाखूच्या बोटांनी सही केली आणि विचारलं, "यानं त्या पोराच्या मोबाइलमधलं बी नाव जाईल का?"

सरकारी यादीतून जाईल, म्हणालो. बीएलओ घरी येईल, दाखला बघेल. मोबाइलमधलं माझ्या हातात नाही.

"बरं," त्या म्हणाल्या आणि पिशवीची गाठ मारली. "मंग पुढच्या टायमाला आला की त्यालाच सांगते."